आधी नोंद खरी

मार्च संपत आला की तालुक्याच्या गावातल्या शालेय साहित्याच्या दुकानात एक पुस्तक काउंटरवरच मांडून ठेवतात. वर्णनात्मक नोंदींचं. इयत्तावार, विषयवार तयार वाक्यं. ‘परिसरातील घटकांची नावे सांगतो.’ ‘अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडतो.’ ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो.’ २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने वर्षभर पाहून, स्वतःच्या निरीक्षणातून चार ओळी लिहाव्यात असं ठरलं. कल्पना चांगलीच होती. पण थोड्याच दिवसांत ते निरीक्षण छापील मिळू लागलं. आता तर पुस्तकही विकत घ्यावं लागत नाही, व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. मुलगी असेल तर ‘सांगतो’चं ‘सांगते’ करायचं. तेवढीच शिक्षकाची भर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत एकोणतीस वर्षं काढली. या नोंदी मीही उतरवल्या आहेत. एका वर्षी वर्गातल्या तोतऱ्या मुलापुढे ‘सभाधीटपणे भाषण करतो’ असं लिहून गेले. पुढच्या इयत्तेच्या गुरुजींनी ते वाचलं आणि स्टाफरूममध्ये हसत हसत मला दाखवलं. मीही हसले. त्या हसण्याची लाज वाटायला मला बरीच वर्षं लागली.

शिक्षकाच्या चारित्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी ठरलेल्या रुळांवरून धावते. साने गुरुजी, त्याग, सेवाभाव, निर्व्यसनीपणा, साधी राहणी. पाच सप्टेंबरला हार आणि श्रीफळ. मार्च २०२४ मध्ये तर सरकारने शासन निर्णय काढून शिक्षकांनी जीन्स आणि टी-शर्ट घालून शाळेत येऊ नये, असं सांगितलं आणि डॉक्टर-वकिलांसारखं शिक्षकांनीही नावाआधी ‘टि’ (इंग्रजीत ‘Tr’) लावावं, अशी सोय करून दिली. कपडे नीटनेटके असावेत याला माझी ना नाही. पण चारित्र्य शोधायला आपण कुठे कुठे जातो, ते यातून दिसतं. कपड्यांत शोधतो, व्यसनांत शोधतो, पुरस्काराच्या फायलीत शोधतो. शिक्षकाच्या टेबलावर जे तीन कागद रोज उघडे असतात त्यांत मात्र कुणी शोधत नाही. हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि मूल्यमापनाचा तक्ता.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षकाचा पहिला सद्गुण त्याग नव्हे. आज मूल शाळेत आलं की नाही, आणि त्याला काय येतं, काय येत नाही, हे खरं लिहिणं हा पहिला. बाकीचे सगळे गुण याच्या मागून. आणि नेमकं हेच खरं लिहिणं आपण सगळ्यांनी मिळून इतकं महाग करून ठेवलंय की ते फक्त वेड्यांना परवडावं.

माझीच गोष्ट सांगते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली दोनशिक्षकी शाळा. निम्मं गाव दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं. कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. म्हातारी माणसं मागं राहत, त्यांच्याजवळ काही मुलं राहत, काही कोयत्याबरोबर जात. पाचवीतली एक मुलगी दर वर्षी जायची, कारण धाकट्या भावाला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, सांभाळायला कुणीतरी हवं. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. मूल कुठे चाललंय, काय शिकून चाललंय हे लिहून द्यायचं, म्हणजे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. हंगामी वसतिगृहाचीही योजना आहे. मी त्या मुलीला पत्रक दिलं नाही. पाच महिने तिच्या नावापुढे हजेरी लावत राहिले.

का? एक तर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत ‘शाळाबाह्य मुले – निरंक’ असा तक्ता द्यायचा होता. निरंक नसेल तर उभं राहून उत्तर द्यावं लागे आणि साहेब सगळ्यांदेखत विचारत, ‘‘बाई, तुमच्याच गावचं कसं काय निघतं?’’ दुसरं कारण तांदळाचं. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात रोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. पन्नास किलोचं पोतं आमच्याकडे यायचं ते कधी ४८ भरायचं, कधी साडेसत्तेचाळीस. पोतं उतरवून घेताना वजन करा म्हटलं की गाडीवाला म्हणायचा, ‘‘काटा कुठंय तुमच्याकडं?’’ खरंच नव्हता. वहीत मात्र पन्नासच जमा. आता हे दोन किलो कुठून भरून काढायचे? एक न जेवलेलं मूल महिन्याचे बावीस दिवस हजर दाखवलं की दोन किलो दोनशे ग्रॅम. हिशेब बरोबर जुळतो. ती मुलगी कुठल्यातरी फडावर भावाला खेळवत होती आणि तिच्या नावावर आमच्या शाळेतलं पोत्यातलं भगदाड बुजत होतं. मी त्यातला एक दाणाही घरी नेला नाही, हे सांगायला मला बरं वाटतं. पण त्या मुलीला त्याचा काय उपयोग?

एप्रिलमध्ये टोळी परत आली. तिचा बाप शाळेच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. चपला खाली काढून. ‘‘बाई, पोरगी वाचती का आता?’’ मी तक्त्यात तिला ‘ब-२’ दिला होता. म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. मी म्हटलं, ‘‘वाचते की.’’ तो खूश होऊन गेला. तिला जोडाक्षर वाचता येत नव्हतं. खरं तर काना-मात्रा गेले की ती अडायची. तिच्या बापाने मला आयुष्यात एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर जगात मला एकटीलाच माहीत होतं.

हे सगळं मी व्यवस्थेवर ढकलू शकते. ढकलण्यासारखं आहेही. पण त्या ओट्यावर व्यवस्था नव्हती. तिथे मी होते.

हा केवळ खेड्यातल्या गरीब शाळेचा प्रकार आहे असं कुणी समजू नये. शहरात अकरावी-बारावी विज्ञानाला ‘इंटिग्रेटेड’ नावाची सोय आहे. विद्यार्थी नावाला एका कनिष्ठ महाविद्यालयात, प्रत्यक्षात दिवसभर नीट-जेईईच्या क्लासमध्ये. कॉलेजात हजेरी लागलेली असते. कोण लावतं ती? २०१८ साली सरकारने काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली, ती याच प्रकाराला आळा बसावा म्हणून. पुढे काय झालं ते ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना मी सांगायला नको. ऊसतोड कामगाराची मुलगी आणि डॉक्टरचा मुलगा यांच्यात आपल्या राज्याने एक समानता तरी आणली: दोघेही वर्गात नसताना हजर असतात.

गुणांचं बघा. दहावीच्या परीक्षेत भाषा आणि समाजशास्त्रं अशा विषयांना २० गुण शाळेच्या हातात असत, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. बारा टक्क्यांहून मोठी घसरगुंडी. अभ्यासक्रम बदलला होता, प्रश्नपत्रिका नवी होती, सगळं मान्य. पण ओरड झाली ती कशाची? सीबीएसईच्या मुलांच्या तुलनेत आपली मुलं अकरावी प्रवेशात मागे पडतील याची. ‘आपल्या शाळा इतकी वर्षं वीसपैकी अठरा कशाच्या आधारावर देत होत्या?’ हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. अंतर्गत गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, हेही त्यात धरायला हवं. आणि २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, सगळे गुण शाळांनीच दिले, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के लागला.

त्या अरिष्टाच्या वर्षी मुलांना नापास करावं असं मी म्हणत नाही. पण शिक्षकाच्या शब्दावर पूर्ण विश्वास टाकला की शंभरातली शंभर मुलं पास होतात, हे त्या शब्दाच्या किमतीबद्दल काहीतरी सांगतं. डॉक्टरने आलेल्या प्रत्येक रुग्णाला ‘तब्येत उत्तम’ असं लिहून द्यायला सुरुवात केली, तर आपण त्याला दयाळू म्हणू का?

राजकोटच्या शाळेतला गांधीजींच्या लहानपणचा प्रसंग आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. जाईल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले, पाच इंग्रजी शब्द लिहायला दिले, मोहनने ‘केटल’ चुकीचं लिहिलं. मास्तरांनी बुटाच्या टोकाने ढोसून शेजारच्याच्या पाटीवर बघायला खुणावलं, पण त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. बाकी सगळ्यांचं बरोबर आलं. ही गोष्ट आपण मुलांना मोहनच्या प्रामाणिकपणासाठी सांगतो. मला नेहमी त्या मास्तरांचा विचार येतो. ते काही दुष्ट नव्हते. पोरांची तपासणी होती तशी त्यांचीही होती. साहेब येणार, वर्ग शंभर टक्के दिसला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्या वर्गातली बाकी मुलं त्या दिवशी काय शिकली? स्पेलिंग नक्कीच नाही. साहेब येतो तेव्हा बाजूला बघायचं असतं आणि ते स्वतः मास्तर सांगतात, हे शिकली. गांधीजी पुढे लिहितात की त्या प्रसंगामुळे मास्तरांबद्दलचा त्यांचा आदर कमी झाला नाही. हे त्यांचं मोठेपण. सगळीच मुलं एवढी मोठ्या मनाची नसतात, आणि असावीत अशी आपण अपेक्षा करणं हा तर आगाऊपणा झाला.

मुलांना कळत नाही, या समजुतीवर आपली शाळा चालते. मुलांना सगळं कळतं. तपासणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतली हुशार पोरं आणून बसवलेली कळतात. बारावीच्या पेपरला खिडकीतून आत येणारा कागद आणि त्या वेळी मुद्दाम दाराकडे तोंड करून उभे राहिलेले पर्यवेक्षक कळतात. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. आदल्या रात्री कुठली मुलं कुठल्या शाळेत नेऊन बसवायची याची धावपळ काही संस्थांत झाली, त्यात ट्रॅक्टरमधून नेलेली मुलं आज तिशीकडे आली असतील. त्यांना शाळेने नागरिकशास्त्र शिकवलं नाही असं म्हणता येणार नाही.

पटाचं हे खोटं कुठून येतं? आकड्यांतून येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा. एकसष्टावं नाव म्हणजे एक नोकरी, एक घर, बाहेर शिकणाऱ्या दोन मुलांची फी. ते नाव गावात राहत नसलं तरी पटावर राहतं. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, आधीच्या महिन्यात शाळांमध्ये जी शांतता असते ती मी अनुभवली आहे. कोण अतिरिक्त ठरणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याच्याशी त्या दिवसांत सगळे जरा जास्त गोड बोलतात.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही शिक्षकांनाच कशाला धरता? तलाठी खोटा सातबारा लिहितो, इंजिनिअर खोटं मोजमाप लिहितो, तिथे कुणी चारित्र्यावर लेख पाडत नाही. बरोबर आहे. शिक्षकाने देव असावं असं म्हणणाऱ्यांचा मलाही कंटाळा आला आहे. शिक्षक पगारी नोकर आहे, त्याला घर आहे, कर्ज आहे, गुडघे आहेत. पण प्रत्येक धंद्याचा एक माल असतो. शिक्षकाचा माल म्हणजे ‘हे बरोबर, हे चूक’ असं सांगणं. त्यातच भेसळ झाली तर त्याच्या दुकानात दुसरं काही उरत नाही. सोनाराने स्वभावाने तापट असावं, दानधर्म करू नये, सगळं चालेल. काटा बरोबर हवा.

त्यागाच्या गोष्टींनी तर आपलं नुकसानच केलं आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाबद्दल जे मागितलं, ते किती रोकडं आहे बघा. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील; नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायची त्यांना लाज वाटू नये; आणि त्यांना पगार चांगला द्यावा, प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस. पोटाला पुरेसं द्या आणि मग त्याच्याकडून माणसासारखं वागणं मागा. स्वतः सावित्रीबाईंनी आणि त्यांनी किती सोसलं हे जगाला माहीत आहे, पण आपलं सोसणं त्यांनी इतर शिक्षकांच्या सेवाशर्तीत घातलं नाही. आपण नेमकं उलट केलं. सन २००० मध्ये शिक्षण सेवक आणला, तीन हजार रुपयांवर तीन वर्षं राबवला, आणि भिंतीवर साने गुरुजींचा फोटो लावला. ते मानधन सोळा हजारांपर्यंत यायला २०२३ उजाडलं.

पुण्यातल्या जुन्या भांडणाचीही मला या संदर्भात आठवण होते. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी. आजीव सभासदांनी तुटपुंज्या पगारावर शिकवायचं. मग प्रश्न आला की सभासदाने बाहेर कमाई करावी का, बाहेरच्या कामाला वेळ द्यावा का. टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ आणि शक्ती संस्थेला. इतरांचं म्हणणं, माणसाला संसार आहे. सामाजिक सुधारणांचा वाद त्यात मिसळलेला होताच. १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले आणि आपली बाजू त्यांनी लांबलचक पत्रात मांडली. कोण बरोबर होतं हा मुद्दा मला इथे गौण वाटतो. शिक्षकांच्या कमाईचा प्रश्न शिक्षकांनी समोरासमोर, लेखी, आपापल्या नावानिशी भांडला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आज शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणीची बंदी आहे. शिकवण्या चालतातच, बायकोच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावाने बोर्ड लावून. बंदी चूक वाटत असेल तर तसं उघड म्हणणारी एखादी शिक्षक संघटना मला भेटायची आहे.

संघटनांचा विषय आलाच आहे तर मुख्यालयाचं बोलू. शिक्षकाने शाळेच्या गावात राहावं असा नियम आहे आणि घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला आहे. पुरावा म्हणून २०१९ पासून ग्रामसभेचा ठराव मागतात. बहुतेक शिक्षक तालुक्याला किंवा जिल्ह्याला राहतात. तरीही राहत असल्याचे दाखले दर वर्षी गोळा होतात. २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत काढला, तेव्हा शिक्षक संतापले, संभाजीनगरात मोठा मोर्चा निघाला. त्या संतापात खरं दुखणं होतं: गावात राहायला घर नाही, स्वतःच्या मुलांना शाळा नाही, दवाखाना नाही, आणि आता रस्ते-गाड्या असताना या नियमाचा अर्थही उरलेला नाही. यातलं बहुतेक मला पटतं. मग नियम रद्द करा म्हणून भांडायचं की खोट्या दाखल्यावर भत्ता उचलत राहायचा? आम्ही दुसरं केलं. सरपंचाकडे जाऊन शिक्का मारून आणला. ज्याच्याकडून आपण खोटा शिक्का घेतो, त्या सरपंचाला उद्या शाळेची खोली कोंबड्यांसाठी हवी असली तर ‘नाही’ म्हणायचं तोंड आपल्याला राहत नाही. हे उदाहरण मी कल्पनेने रचलेलं नाही. कोंबड्यांचा वास त्या खोलीला पुढच्या पावसाळ्यापर्यंत होता.

खाजगी अनुदानित संस्थांची तर गोष्टच वेगळी. तिथे कित्येकांच्या नोकरीची पहिली पायरीच रोख रकमेची. बापाने दोन एकर विकून ‘डोनेशन’ भरायचं, संस्थाचालक ते ‘इमारत निधी’ म्हणून घेणार, पावती नाही. ज्याने असं पद घेतलं त्याला आपण दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहायला सांगतो. भरती स्वच्छ व्हावी म्हणून पवित्र पोर्टल आणलं. त्याआधी पात्रता परीक्षा आणली होती. त्या परीक्षेतच पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी थेट राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली. पुढे सात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरवले गेले. २०२५ मध्ये नागपूरकडे शिक्षकाच्या पगारासाठी लागणारे शालार्थ आयडी बनावट काढून पगार उचलल्याचं प्रकरण बाहेर आलं. गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी, त्यावर वेगळा लेख लिहिण्याची गरज नाही. मला चिंता वाटते ती पैसे न खाणाऱ्यांची. माझ्यासारख्यांची. आम्ही कुणाचं काही घेतलं नाही, फक्त दर वर्षी सगळं ‘ठीक आहे’ असं लिहून दिलं.

‘ठीक आहे’ लिहायची ही सवय कुठवर नेते, ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दिसलं. बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतल्या कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली आणि कळल्यावरही पोलिसांना कळवलं नाही म्हणून शाळेच्या व्यवस्थापनावरही पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. त्यानंतर सगळीकडे सीसीटीव्हीचे आदेश निघाले. कॅमेरे असावेत. पण ज्या शाळेत वर्षानुवर्षं वाईट बातमी वर कळवली की कळवणाऱ्यालाच नोटीस मिळते, तिथे कॅमेऱ्याने पाहिलेलंही कुणी सांगेल याची खात्री काय? मुलगी वाचत नाही हे जो बापाला सांगू शकत नाही, तो याहून भयंकर काही सांगायची वेळ आली तर सांगेल, असं मला स्वतःच्या अनुभवावरून वाटत नाही.

मग करायचं काय? मला मोठ्या योजना सुचत नाहीत आणि ‘मूल्यशिक्षणाचं प्रशिक्षण’ या शब्दांनी माझ्या पोटात गोळा येतो. तीन दिवस, चहा-बिस्किटं, शेवटी फोटो. पण एक गोष्ट आजपासून करता येईल. खरी नोंद करणाऱ्याला शिक्षा करणं थांबवता येईल. वर्गातली अठ्ठावीसपैकी नऊ मुलं वाचत नाहीत असं शिक्षकाने लिहून दिलं तर त्याला ‘खुलासा सादर करा’ असं पत्र जातं. त्याऐवजी त्या नऊ मुलांसाठी माणूस, वेळ, पुस्तकं गेली पाहिजेत. २०१५ नंतर ‘प्रगत’ शाळांची लाट आली होती. शाळांनी स्वतःच स्वतःला प्रगत घोषित करायचं. केंद्रच्या केंद्रं प्रगत झाली. त्या काळात आमच्या केंद्रात एका गुरुजींनी ‘अप्रगत’ असं लिहिलं, तर त्यांना सगळ्यांनी मिळून समजावलं की तुमच्यामुळे केंद्राचं शंभर टक्के हुकतंय. ते गुरुजी पुढे निवृत्त झाले. त्यांना कुठलाही पुरस्कार मिळाला नाही. पुरस्कारासाठी अर्ज करावा लागतो, स्वतःच्या थोरवीची फाईल स्वतःच बांधून द्यावी लागते, आणि त्यांच्याकडे चिकटवायला फोटो नव्हते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. व्यवस्था सुधारेपर्यंत आम्ही खोटं लिहिणार, असं म्हणायची सोय शिक्षकाला नाही. पोत्यातला तांदूळ, मुख्यालय, पट ही खोटी साहेबांच्या भीतीने होतात, ती बंद करायची तर साहेबांनीही बदललं पाहिजे. पण मुलाच्या बापाशी तोंडी बोलताना कुठला साहेब मध्ये असतो? तिथे खरं बोलायला शासन निर्णय लागत नाही. ‘‘पोरगी अजून अडखळते, दादा. या वर्षी कोयत्यावर नेऊ नका, वसतिगृहात ठेवू, मी बघते,’’ एवढं मी बोलू शकले असते. कदाचित तरी त्याने नेलंच असतं. तो त्याचा निर्णय झाला असता, खरं काय ते कळल्यावर घेतलेला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्या शाळेत एक नवी शिक्षिका आली. चोवीस-पंचवीसची, पोर्टलमधून लागलेली, तीनशे किलोमीटरवरून आलेली. वर्षअखेरीला मी तिला सवयीने पीडीएफ पाठवली. तिने उघडलीही नाही. तिच्या नोंदवहीतलं एक पान मी वाचलं. दुसरीतल्या मुलाबद्दल लिहिलं होतं: ‘एकोणीस अक्षरे ओळखतो. घ आणि ध यांत गोंधळ. वीसपर्यंत मोजतो, तेरानंतर एकदम पंधरा म्हणतो. काही हवे असल्यास बोलत नाही, ओढणी ओढतो. ऑक्टोबरपासून २३ दिवस गैरहजर, आई आजारी.’

केंद्रप्रमुख आले तेव्हा त्यांनी ते पान बराच वेळ वाचलं. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, ‘‘मॅडम, इतकं नका लिहू. उद्या कुणी तपासणीला आलं तर प्रश्न विचारतील.’’

ती म्हणाली, ‘‘विचारू देत ना सर. मलाही विचारायचेत. याच्यासाठी मी काय करू, ते कुणी सांगतच नाही.’’

त्यांनी वही मिटली आणि चहा मागवला. ती नोंद शाईची होती, ती तशीच राहिली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी घरी होते. सप्टेंबरात तिचा फोन आला, शिक्षक दिनाच्या शुभेच्छा द्यायला. मी विचारलं, तो तेरानंतर काय म्हणतो आता?

‘‘चौदा,’’ ती म्हणाली. ‘‘पण घ-ध अजून आहेच, बाई.’’